चिवावाच्या कमानी

वास्तुशांतीच्या आदल्या दुपारी काकासाहेबांनी घोशा लावला, की रामकिसननं आणलेले फोटो सगळ्यांनी एकत्र बसून बघायचे. नव्या बंगल्यातल्या बैठकीत रंगाचा वास अजून मेला नव्हता. देवघरात देव यायचे होते, स्वयंपाकघरात दूध उतू घालायचं होतं, पण भिंतीवर दाराएवढा टीव्ही मात्र लागून बसला होता. गारखेड्यात हल्ली घर झालं की आधी टीव्हीची प्रतिष्ठापना होते. देव मागून आले तरी चालतात, ते बिचारे रुसत नाहीत.

आशाबाई टीव्हीच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. पुढ्यात परात, परातीत उद्याच्या पूजेच्या सुपाऱ्या, हळकुंडं, खारका. किडकी सुपारी बाजूला, धड असेल ती ताटात. हे काम तिच्या हाताचं झालं होतं. सासूबाई चतुराबाई गेल्यापासून दर कुळधर्माला सासरे काकासाहेब एकटेच पाटावर बसत आणि बायकोच्या जागी कनवटीला सुपारी खोचत. ज्याला बायको नाही त्याची सुपारीच बायको. शास्त्रानं पुरुषांची सोय बरी लावून ठेवली आहे. ती सुपारी आशाबाईच निवडून द्यायची, चांगली जड, भोक नसलेली.

उद्या मात्र सासऱ्यांना सुपारी लागणार नव्हती. बंगला रामकिसननं बांधला होता, म्हणून यजमान रामकिसन, आणि त्याच्या उजव्या अंगाला आशाबाई. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसणार होती. त्यासाठी तिनं लग्नातला शालू ट्रंकेतून काढून सकाळी उन्हाला घातला होता, आणि या वयात आपल्याला हे काय सुचतंय म्हणून स्वतःशीच हसलीही होती.

रामकिसन चिकलठाण्याच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग करता करता साहेब झाला आणि तिथून त्याला दोन वर्षांसाठी मेक्सिकोला धाडलं. दोनाची नऊ झाली. मधे दोनदा येऊन गेला तो पाहुण्यासारखा. आला तेव्हा सामान पुरतं सोडलं नाही, गेला तेव्हा पुरतं भरलंही नाही. इकडे आशाबाईनं सासूचं आजारपण काढलं, सासऱ्याचं पथ्यपाणी बघितलं, आणि बंगल्याच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत संसार नावाची गोष्ट एकटीनं चालवली. वास्तुशांत झाली की त्या खोल्या पाडायच्या होत्या. तिथं गाडी उभी राहणार होती. गाडी अजून घ्यायची होती, पण जागा ठरली होती.

"हं, लाव रे बद्री," काकासाहेब सोफ्यावर मांडी घालून म्हणाले. सोफ्यावर मांडी घालता येते हे त्यांना कालच कळलं होतं.

धाकटा बद्रीनाथ रिमोट घेऊन उभा होता. बंगल्याचा वरचा मजला त्याच्या वाट्याला येणार होता, त्यामुळे आठ दिवस तो भावाच्या चपलासुद्धा सरळ करून ठेवत होता. त्याची बायको सारजाबाई दाराशी टेकून उभी होती, फोटो आधीच बघितलेल्या माणसासारखी. पण हे आशाबाईच्या मागाहून लक्षात आलं.

"नाव काय म्हनला गावाचं?" काकासाहेबांनी विचारलं.

"चिवावा."

"त्या नावाचं कुत्रं आसतंय ना रं? उस्मानपुऱ्यात त्या डॉक्टरनीकडं हाय. मुठीएवढं, अन् भुंकतंय मात्र वाघावानी."

"तेच गाव, दादा. कुत्र्याचं नाव गावावरून पडलं."

रामकिसन खुलला. फोटो दाखवताना तो निराळाच माणूस होई. घरात दोन शब्द धड न बोलणारा, पण त्या गावाचं नाव काढलं की जीभ मोकळी. चांदीच्या खाणी निघाल्या म्हणून तीनशे वर्षांपूर्वी ते गाव वसलं. चांदीवर कर बसवला आणि त्या करातून चौकातलं मोठं चर्च उठवलं, ते बांधायला शंभर एक वर्षं लागली. स्वातंत्र्याची घंटा वाजवणारा एक पाद्री होता, त्याला त्याच गावात कोंडला आणि गोळ्या घातल्या. मग ज्यांनी घातल्या त्यांचंच राज्य गेलं, आणि आता तिथं त्याच्या नावाची ज्योत जळते.

"सगळीकडं सारखंच," काकासाहेब म्हणाले. "जित्यापनी गोळ्या अन् मेल्यावर फुलं."

पुढचा फोटो आला. उंच दगडी कमानी, एकीला लागून एक, लांबवर गेलेल्या. संध्याकाळचं तिरपं ऊन, आणि पहिल्या कमानीखाली रामकिसन.

"हे नदीचं पानी गावात आनायचं. कमानीवरून."

"तीनशे वर्सांचं ना? मंग आपल्यापेक्षा धाकटंच म्हनायचं." काकासाहेबांना आता जोर चढला. "मलिक अंबरनं नहर काढली तिला चारशे झाली. सगळं पानी जमिनीच्या पोटातून. वरून मानूस चालला तरी त्याला पत्ता नाय, की पायाखालून काय चाललंय. तुमचं आपलं डोक्यावरून, समद्या गावाला दाखवत."

"आता पानी नाय त्यात," रामकिसन म्हणाला. "नुसत्या कमानी उभ्या हायत. लोक सांजचं फिरायला येतात."

आशाबाईनं मान वर केली. पाणी नसलेल्या कमानी बघायला नव्हे. तिला रामकिसनचा चेहरा दिसला होता. तो हसत होता. नुसते दात दाखवून नाही, डोळ्यांपर्यंत हसत होता. हा माणूस फोटोत कधी हसला नव्हता. लग्नाच्या फोटोत तो असा उभा होता, जणू कोणी त्याला कोर्टात हजर केलं आहे. दगडाच्या कमानीकडे बघून इतकं कोणी हसत नाही.

फोटो पुढे सरकले. एका खाणवाल्याचा महाल आला, नक्षीच्या खिडक्यांचा. "होणाऱ्या नवरीसाठी बांधला त्यानं. लोक सांगतात, महाल पुरा होईस्तोवर नवरी दुसऱ्याचीच झाली. वर बंड झालं, मंग त्यालाबी पळून जावं लागलं." मग एक जुनी काळी मोटार आली, पत्र्याला गोळ्यांची भोकं. "ही वियाची मोटार. बंडखोरांचा सेनापती. ह्या गाडीत त्याला मारला. अन् बाया किती केल्या होत्या त्यानं, त्याची गिनती नाय. मेल्यावर एकेक उभी राह्यली, मी खरी, मी खरी. सरकारनं एकीला खरी धरली. तिनं त्याचं घर सांभाळलं, म्हातारी झाली तरी आलेल्या-गेलेल्याला दाखवायची. दुसऱ्या बायांची पोरंबी तिनंच वाढवली म्हंतात."

"बघा वहिनी," बद्रीनाथ पटकन म्हणाला. "याला म्हंतात मोठं मन."

"आपल्या भागूआईवानी," काकासाहेबांनी लगेच आपल्या आईचं नाव जोडलं.

"व्हय ना," सारजाबाई दारातून म्हणाली.

तिघांनी एकाच दमात उचललेलं ते कौतुक आशाबाईला खटकलं. बद्रीनाथाला इतिहासाचं प्रेम कधीपासून? त्याला पाणचक्की दाखवायला शाळेनं नेलं होतं तेव्हा तो चिंचा पाडून परत आला होता.

"फोटो लई चांगले निघालेत," आशाबाई म्हणाली. "कोनी काढले?"

"कोन काढनार? जानारा-येनारा कोनीबी," रामकिसन म्हणाला. "मोबाईल हातात द्यायचा, झालं."

"भावजी, मागं घ्या बरं जरा. तो कमानीचा. अजून मागं. हां, थांबा."

ती उठली आणि टीव्हीपाशी गेली. हात हळदीनं पिवळे झाले होते, पुसायचं भान राहिलं नाही. ऊन पाठीमागून होतं, म्हणून फोटो काढणाऱ्याची सावली लांब होऊन थेट रामकिसनच्या बुटांपर्यंत आली होती. वाऱ्यानं उडणारे मोकळे केस, खांद्याला पिशवी. तिला चिकटून दुसरी एक सावली होती, कमरेएवढी. आशाबाईनं एक बोट मोठ्या सावलीवर ठेवलं, एक लहान सावलीवर.

"हाच जानारा-येनारा त्या महालाच्या पायरीवरबी हाय. पिशवी तीच हाय. अन् मोटारीच्या काचेत हे बारकं डोकं दिसतंय. लई हिंडतोय तुमच्यासंगं हा जानारा-येनारा."

शांतता सोसवत नाही अशा माणसांत सारजाबाईचा नंबर पहिला होता.

"बाई, असं मनाला लावून घेऊ नका. पोरगं लई गोड हाय हो."

"तुला कसं ठाव, सारजा?"

सारजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं रिमोटकडे पाहिलं. रिमोटला काही बोलता येईना.

आशाबाई खाली बसली नाही. उन्हात घातलेला शालू तिला आठवला आणि अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सारजाला, जिच्या दोन्ही बाळंतपणात आपण हातपाय शेकले तिला. या सासऱ्याला, ज्याची भाकरी आपण दुधात कुस्करून देतो त्याला. घरात एकच मूर्ख होतं, आणि ते परातीपाशी बसून त्यांच्यासाठी सुपाऱ्या निवडत होतं.

"बद्री, बंद कर ते," काकासाहेब म्हणाले. टीव्ही विझला. काळ्या काचेवर हळदीची दोन बोटं तेवढी राहिली. "सूनबाई, बस. उद्या पूजा झाल्यावर मी स्वतः सांगनार होतो. बरं झालं आज निघालं."

"सांगा ना मामा. मी उभीच बरी हाय."

काकासाहेबांनी घसा साफ केला. घराण्याची ती गोष्ट सांगायची असली की ते असाच घसा साफ करत. आशाबाईनं ती शंभरदा ऐकली होती, पण आपल्यावर उगारलेली आज पहिल्यांदा ऐकत होती.

रझाकारांचा जोर वाढला तेव्हा काकासाहेबांचा बाप सांडू पाटील सरहद्द ओलांडून पलीकडच्या कॅम्पात गेला. भागूबाई मागे राहिली, वाट बघत. जिवंत आहे का मेला, कळायला मार्ग नव्हता. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचा झेंडा उतरला आणि सांडू पाटील परत आला. बरोबर बानाबाई होती, कॅम्पात भाकरी थापणारी एक विधवा. गाव गोळा झालं, आता काय होतं बघायला. भागूबाई आत गेली, ओवाळणीचं ताट घेऊन आली, आणि उंबऱ्यावर दोघांना ओवाळून सवतीला हाताला धरून घरात घेतलं. पुढच्या वर्षी बानाबाईला काकासाहेब झाले. दोन वर्षांत ती पटकीनं गेली. काकासाहेबांना वाढवलं ते भागूबाईनं.

"मला जल्म दिला ती आई मला आठवतबी नाय," काकासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर ओला झाला. "माझी आई म्हंजे भागूआई. तिनं त्या दिवशी ताट फेकलं आसतं तर आपलं घरच नसतं. तुला म्या कधी टोचून बोललो नाय. तुझ्या पोटी देवानं दिलं नाय, त्यात तुझा काय दोष? पन आता घराला दिवा आलाय. आपल्याच रक्ताचा हाय. पुढच्या साली रामकिसन त्याला घेऊन येतोय. तू फक्त मन मोठं कर."

आशाबाई सासऱ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"केवढा हाय?"

"अं?"

"पोरगा. केवढा हाय?"

"अकरावं चालू हाय," रामकिसन म्हणाला. म्हणून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो.

बद्रीनाथ बोटं मोजायला लागला. काकासाहेबांना बोटं लागली नाहीत, ते जन्मभर गाईम्हशींची वेतं मोजत आले होते.

"अकरा? अन् तुला जाऊन नऊ झाली ना रं?"

रामकिसन टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिला. "तिच्या पहिल्या नवऱ्याचा हाय तो. नवरा सोडून गेला. पोरगं दोन वर्सांचं होतं. माझ्याच मांडीवर वाढलं. मला पापाच म्हंतो. सायकल म्या शिकवली त्याला, त्या कमानीखाली."

"मंग आपल्या रक्ताचा हाय म्हून का सांगितलं?"

"म्या नाय सांगितलं, दादा. माझा पोरगा म्हनलो. रक्ताचं तुम्ही म्हनलात."

काकासाहेब सोफ्यावरून उतरले. चेहरा तांबडाबुंद. घटकाभरापूर्वीचा ओला आवाज कुठल्या कुठे गेला. "भाड्या, कुनाचं कोन उचलून घराला दिवा म्हून लावतो? ती बाई अन् तिचं ते पोर, दोघांचं पाऊल ह्या फरशीवर पडता कामा नाय! सूनबाई, तू भिऊ नको. म्या तुझ्या मागं हाय. हे घर तुझं."

"दादा, दमानं घ्या," बद्रीनाथ मधे पडला. त्याला वरचा मजला डोळ्यांपुढे हलताना दिसत होता. "घर रामभाऊनं बांधलंय. उद्याचं कार्य तर नीट पार पडू द्या."

"तू चूप! तुला मजला दिसतोय नुसता!"

"अन् तुम्हाला नातू दिसत होता, तवर गोड लागत होतं ना?" बद्रीनाथानं तोंड सोडलंच.

आशाबाईला हसू आलं. ते हसू बघून सारजाबाई घाबरली आणि पाणी आणायला आत पळाली.

"मामा," आशाबाई म्हणाली, "घडीभरापूर्वी म्या भागूआई व्हायचं होतं. पोरगं दुसऱ्याचं निघालं तशी मी घरची मालकीन झाले. पोरगं तुमच्या रक्ताचं आसतं तर मंग माझ्यासंगं कोन होतं?"

उत्तर सुचलं ते रामकिसनला, आणि ते त्यानं बापाला दिलं. "दादा, भागूआईनं तुम्हाला वाढवलं. तुम्ही तिच्या रक्ताचे होता का?"

काकासाहेब उभ्याचे बसले. म्हातारा माणूस पायात काटा शिरल्यावर बसतो तसे, आधी हात टेकून, मग हळूच.

रामकिसन खरं बोलला होता. आशाबाईनं ते मनात कबूल केलं. आणि कबूल करता करताच तिच्या आत जे इतका वेळ नुसतं दुखत होतं ते पेटलं. दुसरी बाई केली, ते तिनं कदाचित गिळलं असतं. नऊ वर्षं दूर राहिलेला पुरुष काय करतो हे न कळण्याइतकी ती बावळी नव्हती. रात्री कधी ते मनात आलं की ती कूस बदलून झोपायची. पण मांडीवर वाढलं. सायकल शिकवली.

गंगापूरला तिच्या भावाला तिसरी मुलगी झाली होती, तेव्हाची, रामकिसन मेक्सिकोला जायच्या आधीची गोष्ट. भावजय बाळंतपणातच गेली. भाऊ म्हणाला होता, आक्का, तूच घे हिला. आशाबाईनं ते मूल बारा दिवस छातीशी धरलं होतं. तिच्या डोक्याचा वास अजून कधी कधी नाकाशी येई. रामकिसन आला, दारात उभा राहिला, आत आलासुद्धा नाही. म्हणाला, "दुसऱ्याचं रक्त मला घरात नको. उद्या परत देऊन ये." आणि ती देऊन आली. एसटीत, मांडीवर मूल झोपलेलं, येताना मांडी मोकळी. त्यावर ती कधी काही बोलली नाही. पुरुषाचं मन असतं एकेकाचं, दुसऱ्याचं मूल नाही लावून घेता येत, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. इतकी वर्षं ती त्याच समजुतीवर जगली होती.

आणि लावून घेता येत होतं. फक्त तिच्यासाठी येत नव्हतं.

ती परात उचलून परसदारानं निघाली, मागच्या खोल्यांकडे. रामकिसन तिच्या मागे आला. खोलीच्या दारात उभा राहिला, तसाच, आत न येता.

"आशा, चुकलं माझं. तू म्हनशील ते मला कबूल. पन उद्या तेवढं बस. पैठणहून गुरुजी यायचेत, समदे पाव्हने येनार, कारखान्यातले लोक येनार. उद्याचा दिवस माझी अब्रू राख. मंग तुला इथं कायबी कमी पडू देनार नाय."

"तिचं नाव काय?"

"कुनाचं?"

"सोडा. पोराचं काय?"

"इग्नासियो. नाचो म्हंतात सगळे."

"त्याला घरी आनलं तवा लई रडला आसंल."

"लई," रामकिसन म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर ते फोटोतलं हसू आपसूक येऊन गेलं. "रात्र-रात्र. म्या खांद्यावर घेऊन फिरायचो."

आशाबाईनं खारका एकीकडे केल्या, हळकुंडं एकीकडे. गंगापूरच्या पोरीचं त्यानं नावही काढलं नाही. लपवत नव्हता. त्याला ती आठवतच नव्हती. विसरायचा त्रासही त्याला पडला नव्हता.

"भागूआईची गोष्ट तुमच्या घरात अर्धीच सांगतात," ती म्हणाली. "म्या लग्न होऊन आले तवा भागूआई जिवंत होत्या. पुढच्या दारानं त्या कधी येत-जात नव्हत्या, ठाव हाय ना? परसदारानंच. लोक म्हनायचे, नवस हाय म्हातारीचा. एकदा न्हाऊ घालताना म्या विचारलं. म्हनल्या, ज्या उंबऱ्यावर सवतीला ओवाळलं तो उंबरा मी जित्यापनी वलांडायची नाय. पन्नास वर्सं वलांडला नाय. तुमच्यापैकी एकालाबी कधी विचारावं वाटलं नाय. अन् मेल्या तवा चौघांनी उचलून पुढच्याच दारानं नेलं."

रामकिसन हलकेच म्हणाला, "म्हंजे... बसनार ना उद्या?"

"सुपाऱ्या निवडायच्या राह्यल्यात," आशाबाई म्हणाली. "जावा तुम्ही."

त्यानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. या घरातल्या पुरुषांना बाईच्या कुठल्याही बोलण्याचा अर्थ होकार असाच लागत आला होता.

सकाळी बंगला माणसांनी फुलून गेला. दाराला आंब्याचं तोरण, अंगणात मांडव, आचाऱ्याच्या कढया. काकासाहेब नवा फेटा बांधून उंबऱ्याशी पाव्हण्यांचं स्वागत करत होते. रात्रीतून त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं होतं, पण फेटा टाकला नव्हता. बद्रीनाथ सगळीकडे धावत होता. कोणीतरी टीव्हीवर चादर टाकली होती. हळदीची बोटं पुसायला गेली तर काचेला चरे पडतील, अशी सारजाबाईला भीती वाटली होती.

रामकिसन पीतांबर नेसून पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा होता.

"यजमानीणबाईंना बोलवा," गुरुजी म्हणाले.

सारजाबाई बोलवायला उठली, तोच आशाबाई परसदारानं आत आली. अंगावर शालू नव्हता. रोजचं हिरवं सुती लुगडं होतं, आणि हातात निवडलेल्या सुपाऱ्यांचं ताट. बायकांमध्ये कुजबूज झाली. ती सरळ पाटांपाशी आली, ताट गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं, त्यातली एक सुपारी उचलून नीट पारखली आणि रिकाम्या पाटाच्या मधोमध ठेवली.

"गुरुजी, ही घ्या ह्यांची बायको," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चांगली जड हाय. कुठं किडकी नाय."

"आशा!" रामकिसन दबक्या आवाजात म्हणाला.

"सूनबाई," दारातून काकासाहेब म्हणाले, "आसं करू नको. म्या सांगितलं ना, म्या तुझ्या मागं हाय."

"मागंच राहा, मामा. वाट सोडा तेवढी."

त्यांनी वाट सोडली. सोडायची म्हणून नव्हे; सगळं गाव बघत होतं आणि दारात सुनेला अडवायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आशाबाई पुढच्या दारातून, तोरणाखालून, नवा उंबरा ओलांडून बाहेर पडली. मांडवातल्या माणसांमधून चालत बंगल्याला वळसा घालून मागे आली. पत्र्याच्या खोलीचं दार तिनं आतून लावलं नाही, नुसतं लोटलं. उद्या खोल्या पाडायला यंत्र येणार होतं. येऊ दे. आत माणूस आहे म्हटल्यावर काय करतात, तेही बघायचं होतं.

तिनं चहाचं आधण ठेवलं. साखर टाकताना सांडली. पलीकडे गलका उठला होता. बद्रीनाथचा आवाज, बायकांचे आवाज, कोणीतरी "बोलवा तिला, बोलवा" म्हणत होतं. ती नको नको म्हणत असतानाही तिचा कान दाराकडे लागला. अंगणात पावलं वाजतील असं तिला वाटलं. पावलं आली असती तरी ती गेली नसती. पण वाटलं.

मग सगळ्या आवाजांवरून गुरुजींचा खणखणीत आवाज आला. "यजमान, मुहूर्त टळतोय. सुपारी कनवटीला खोचा आणि पाणी सोडा."

गलका थांबला. आशाबाईनं गॅस बारीक केला, म्हणजे नीट ऐकू येईल. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग मंत्र सुरू झाले, आणि ते शेवटपर्यंत कुठंही अडले नाहीत.